हाताला दोष देण्याआधी माती पाहा

"आमच्या हाताला झाड लागतच नाही." हे वाक्य आपल्या घरांतून फार ऐकू येते, आणि बहुतेक वेळा ते घरातली बाईच स्वतःबद्दल म्हणते. निवडुंगाच्या बिया पेरणाऱ्यांच्या तोंडी तर ते हमखास असते. हौसेने बियांची पुडी आणली जाते. कुंडीत अंगणातली माती आणि शेणखत भरून बिया टाकल्या जातात. आठ-दहा दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके दिसतात आणि घरभर आनंद होतो. मग एका सकाळी सगळी रोपे माना टाकून आडवी पडलेली असतात. पेरणारे मूल असेल तर ते रडते, आई असेल तर ती हाताला दोष देते आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही.

आमचे म्हणणे असे की अशा वेळी हातही निर्दोष असतो आणि बीही बहुधा निर्दोष असते. चूक मातीची असते. ती माती वाईट असते असेही नाही. ती दुसऱ्या कामासाठी चांगली असते. या महिन्यात आपण त्याच मातीबद्दल बोलू: निवडुंग, ड्रॅगन फ्रूट, कोरफड, ॲडेनियम अशा जाड अंगाच्या, पाणी साठवणाऱ्या झाडांच्या बिया रुजवायला कुंडीत नेमके काय भरावे?

विषय आत्ताच घेण्याचे कारण बाजारात आहे. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत आपल्याकडे फळांच्या गाड्यांवर ड्रॅगन फ्रूट दिसते. गुजरात सरकारने २०२१ मध्ये त्याला 'कमलम' हे नाव दिले, पण आपल्या गल्लीत ते ड्रॅगनच राहिले. हे फळ म्हणजे एका वेलीसारख्या निवडुंगाचे फळ. त्याच्या गरात सब्जासारख्या काळ्या बारीक बिया शेकड्यांनी असतात. म्हणजे ज्या घरात हे फळ कापले जाते त्या घरात निवडुंगाचे बियाणे फुकट आलेले असते.

एक गोष्ट भाषेची. अरबीत 'सब्र' म्हणजे धीर, आणि निवडुंगाला 'सब्बार' म्हणतात. दोन्ही शब्दांचे मूळ एकच. कोरफडीच्या वाळलेल्या रसाला हकीम लोक 'मुसब्बर' म्हणतात, तो शब्दही त्याच घराण्यातला. उर्दूत निवडुंगाला नागफनी म्हणतात, मराठीत फड्या निवडुंग. ज्याला धीर नाही त्याने हे बी पेरू नये, हे शब्दातच सांगून ठेवले आहे. पण नुसता धीर पुरत नाही. माती चुकली तर धीर धरून बसणाऱ्याचीही रोपे मरतात.

काळी माती चांगली, पण इथे नको

आपला नगर जिल्हा, आता अहिल्यानगर, बराचसा पर्जन्यछायेत येतो. घाटमाथ्याकडचा अकोले तालुका सोडला तर पाऊस बेताचा. तरीही रब्बीची ज्वारी येते, ती काळ्या मातीच्या जोरावर. ही माती बेसाल्ट खडक झिजून तयार झाली. तिच्यातले चिकणमातीचे कण अतिशय बारीक असतात आणि पाणी मिळाले की फुगतात. पावसाळ्यात प्यालेले पाणी ती हिवाळ्यापर्यंत धरून ठेवते, म्हणून पाऊस संपल्यावर पेरलेली ज्वारीही त्या ओलीवर उभी राहते.

हाच गुण तीन इंचांच्या कुंडीत घात करतो. पाणी घातले की माती फुगते, कणांमधल्या फटी बुजतात आणि हवा आत जात नाही. मुळांनाही श्वास लागतो. केसाएवढे मूळ दोन दिवस हवेविना राहिले की कुजते. उलट माती सुकली की आकसते आणि तिला भेगा पडतात. शेतात आपण त्या भेगा पाहिल्याच आहेत. कुंडीत त्या लहान असतात, पण कोवळी मुळे तोडायला तेवढ्या पुरतात. शिवाय आपल्या भागातली माती बऱ्याच ठिकाणी चुनखडीची आणि विम्लतेकडे झुकणारी असते, तर बहुतेक निवडुंगांना किंचित आम्ल किंवा तटस्थ मिश्रण मानवते.

मग ज्वारीच्या शेतात चालणारे पाणी कुंडीत का चालत नाही? हे समजायला भांडी घासायचा नवा स्पंज घ्या. तो पाण्यात बुडवून भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. थोडे पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. कुंडीचेही असेच आहे. प्रत्येक कुंडीच्या तळाशी ओलीचा एक थर अडकून राहतो. खोल जमिनीत तो मुळांपासून फार खाली असतो, पण उथळ कपात तो थर म्हणजेच जवळजवळ सगळा कप. म्हणून भांडे जितके उथळ, तितके मिश्रण जास्त रवाळ हवे.

इथेच एक जुनी समजूत सोडून द्यायला हवी. कुंडीच्या तळाशी खडे किंवा खापऱ्यांचा थर घातला की पाणी चांगले निघते, असे सगळेच सांगतात. प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहज उतरत नाही. ते खड्यांच्या वरच अडते आणि ओलीचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एखादी खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवावा, तो माती वाहून जाऊ नये म्हणून. पाण्याचा निचरा व्हायचा तर सगळे मिश्रणच मोकळे हवे.

मुरमावरचे निवडुंग

निवडुंगाला काय मानवते याचा धडा शेजारच्या पुणे जिल्ह्यात आहे. बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, स्थापना २००९ ची. दुष्काळ, उष्णता, खडकाळ जमीन अशा अडचणींत पिके कशी तगतील याचा अभ्यास तिथे चालतो. संस्थेची जागाच खडकाळ आणि मुरमाड. अशा उथळ जमिनीत तिथल्या शास्त्रज्ञांनी ड्रॅगन फ्रूट वाढवून पाहिले आणि कमी पाण्याच्या भागासाठी ते पीक पुढे आणले. सोलापूर-सांगलीकडे आणि आपल्या जिल्ह्यातही सिमेंटच्या खांबांवर चढवलेल्या या वेली आता दिसतात. ज्या माळाला आपण 'तिथे काय उगवणार' म्हणत होतो, तो माळ या झाडाला रुचला, कारण मुरमात पाणी थांबत नाही आणि हवा खेळते.

याचा अर्थ सगळे निवडुंग सारखे असा मात्र नाही. वाळवंटातले गोल, काटेरी निवडुंग जवळजवळ नुसत्या खडकाळ चुऱ्यात राहतात. ड्रॅगन फ्रूट मूळचे मध्य अमेरिकेकडच्या जंगलातले. तिथे ते झाडांवर चढते आणि फांद्यांच्या बेचक्यात साचलेल्या कुजलेल्या पानांवरही जगते. म्हणून त्याला रवाळपणा हवाच, पण थोडा पालापाचोळाही हवा. मिश्रणाचे प्रमाण ठरवताना हा फरक लक्षात ठेवायचा.

मिश्रणात काय घालावे

मिश्रणाचे दोन भाग असतात. पहिला रवाळ भाग: तो पाणी सोडतो आणि हवा ठेवतो. दुसरा ओल धरणारा भाग: तो बी रुजेपर्यंत ते सुकू देत नाही. नुसता पहिला घेतला तर बी वाळते, नुसता दुसरा घेतला तर रोप कुजते.

रवाळ भागासाठी आपल्याकडे तीन-चार गोष्टी सहज मिळतात. चांगल्या भाजलेल्या विटांचा चुरा सर्वांत सोयीचा. वीटभट्टीवर तुटक्या विटांचा ढीग असतोच. विटेच्या आत बारीक छिद्रे असतात, त्यामुळे ती थोडी ओलही धरते. मात्र पाडलेल्या भिंतीची, सिमेंट किंवा चुना लागलेली वीट नको. शंका असेल तर चुऱ्यावर स्वयंपाकघरातल्या सिरक्याचे चार थेंब टाका. फेस आला तर चुना आहे, तो चुरा बाजूला ठेवा. हीच परीक्षा मुरमाची आणि वाळूची करता येते.

दुसरा मुरूम. विहिरीच्या किंवा पायाच्या खोदकामातून निघालेला, टणक, हातात सहज न फुटणारा. तिसरी बांधकामाची जाड वाळू किंवा दगडाची क्रश सँड, तीन-चार पाण्यांनी धुतलेली. गिलाव्याची बारीक वाळू घेऊ नका, ती ओली झाली की घट्ट बसते. नदीत जाऊन वाळू उपसू तर नकाच. मुळा आणि प्रवरेच्या पात्रांचे वाळूउपशाने काय झाले ते आपण पाहतो, आणि परवान्याशिवाय वाळू उचलणे गुन्हाही आहे. एका कुंडीला वीटभट्टीचा चुरा पुरतो. चौथी वस्तू रोपवाटिकेत मिळणारे परलाइट. ही ज्वालामुखीतली काच असते. तापवल्यावर ती ज्वारीच्या लाहीसारखी फुटते आणि हलकी होते. चांगली वस्तू आहे, पण विटांचा चुरा असेल तर तिच्यावाचून अडत नाही.

दाण्याचा आकार महत्त्वाचा. बाजरीच्या दाण्यापासून ज्वारीच्या दाण्यापर्यंत, म्हणजे साधारण २ ते ४ मिलिमीटर. आधी धान्याच्या मोठ्या भोकांच्या चाळणीतून चाळा आणि वर राहिलेले मोठे खडे टाका. मग खाली पडलेले पिठाच्या चाळणीतून चाळा आणि खाली पडलेली पूड टाका. मधले जे राहिले ते आपले. पूड टाकताना जीव कासावीस होतो, पण तीच पूड फटी बुजवते. या कामाला जुन्या चाळण्या वेगळ्या ठेवा. चुरा आधी किंचित ओला करा आणि नाकावर दुपट्टा किंवा रुमाल बांधा. विटेची आणि दगडाची धूळ छातीला वाईट, आणि मुले जवळ असतील तर जास्तच.

ओल धरणाऱ्या भागासाठी कोकोपीट किंवा पानांचे पूर्ण कुजलेले खत घ्या. कोकोपीट नारळाच्या सोडणाचे असते आणि त्यात क्षार असू शकतात. म्हणून ते भिजवून, पिळून, पुन्हा स्वच्छ पाण्यात भिजवून पिळा. ताजे शेण, अर्धवट कुजलेले शेणखत, स्वयंपाकघरातला ओला कचरा यांतले काहीही नको. बी आपली पहिली शिदोरी पोटात घेऊनच येते. सुरुवातीचे काही आठवडे त्याला बाहेरचे जेवण लागत नाही. त्या खतावर आधी जगते ती बुरशी.

प्रमाण

मापाला चहाचा कप घ्या. गोल काटेरी निवडुंगाच्या बियांसाठी ३ कप रवाळ भाग आणि १ कप कोकोपीट. कोरफड आणि ॲडेनियमसाठी २ कप रवाळ भाग आणि १ कप कोकोपीट. ड्रॅगन फ्रूटसाठी दोन्ही समसमान, आणि कोकोपीटच्या निम्म्याऐवजी पानांचे जुने, चाळलेले खत चालेल. सगळे कोरडे-दमट असतानाच हाताने कालवा.

आता परीक्षा. ओले मिश्रण मुठीत घट्ट दाबा आणि मूठ उघडा. लाडू वळला आणि तसाच राहिला तर रवाळ भाग कमी आहे. उघडताच विस्कटले तर ठीक. मग तळाला भोके असलेल्या कपात भरून वरून पाणी ओता. पाणी वर तळे करून थांबू नये. ओतता ओतताच खालून गळू लागले पाहिजे. तासाभराने बोट घालून पाहा. दमट लागावे, चिखल लागू नये. या दोन परीक्षा पास झाल्या तर बाजारातल्या महागड्या 'कॅक्टस मिक्स'च्या पिशवीची गरज नाही. ती पिशवी आणलीच तर तिचीही हीच परीक्षा घ्या. पुष्कळदा आत कोकोपीटच जास्त निघते.

मिश्रण निर्जंतुक करणे आवश्यक आहे. विटांच्या चुऱ्यावर उकळते पाणी ओतले तरी चालते. कोकोपीट आणि पानांचे खत जुन्या पातेल्यात, इडलीसारखे वाफेवर अर्धा तास ठेवावे आणि झाकण न काढता गार होऊ द्यावे. उन्हाळ्यात पुढची तयारी करणार असाल तर दमट मिश्रण पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत पातळ पसरून, तोंड बांधून गच्चीवर चार ते सहा आठवडे ठेवा. नगरचे एप्रिल-मेचे ऊन हे काम फुकट करते.

पेरणी

ड्रॅगन फ्रूटचा चमचाभर गर चहाच्या गाळणीत घेऊन पाण्याखाली हलक्या हाताने चोळा. गराचा चिकटपणा पूर्ण गेला पाहिजे, कारण बुरशी त्याच्यावरच धरते. बिया कागदावर एक-दोन दिवस सावलीत सुकवा. कपात मिश्रण भरा, वर जाड रव्याएवढ्या चुऱ्याचा पातळ थर द्या आणि कप पाण्याच्या ताटलीत ठेवून खालून ओल चढू द्या. वरचा थर ओला दिसला की कप बाहेर काढा. बिया एकमेकींपासून बोटभर अंतरावर, वरच ठेवा. पुरू नका. इतक्या लहान बीला मातीखालून वर यायची ताकद नसते.

पाणी शक्यतो पावसाचे वापरा. आपल्या बोअरचे पाणी बहुधा जड असते, त्याची पांढरी पापुद्री चहाच्या भांड्यात दिसते. तीच कुंडीत जमते. पावसाचे नसेल तर उकळून, गार करून, वरचे निवळ घ्या.

कपावर मिठाईचा पारदर्शक डबा पालथा घाला. जागा उजेडाची असावी, थेट उन्हाची नको. बंद डब्यात ऊन शिरले की बी शिजते. ताज्या बिया उबदार हवेत एक ते तीन आठवड्यांत रुजतात. ड्रॅगन फ्रूटच्या रोपाला आधी दोन जाड पाने येतात आणि त्यांच्या मधून केसाळ काट्यांचा इवला दांडा निघतो. गोल निवडुंगाचे रोप हिरव्या मण्यासारखे दिसते. रोपे दिसली की झाकण पहिल्या दिवशी थोडे, मग रोज जरा जास्त उघडा. पांढरे जाळे दिसले तर तेवढा भाग चमच्याने काढा आणि हवा वाढवा. दोन महिन्यांनंतर कधीतरी अगदी पातळ गांडूळपाणी द्यायला हरकत नाही.

दोन सूचना. एक, बागच लावायची असेल तर ड्रॅगन फ्रूट बियांपासून करू नका. फळाला काही वर्षे लागतात आणि फळ मूळ फळासारखेच येईल याचा भरवसा नसतो. त्यासाठी कांडी लावावी. तिचे कापलेले टोक सावलीत आठवडाभर सुकू द्यावे, आणि लावायला मिश्रण हेच. शेतकरी कुटुंबांनी आधी माती तपासून घ्यावी. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि बाभळेश्वरचे कृषी विज्ञान केंद्र आपल्या जिल्ह्यातच आहेत. दोन, ज्या 'निवडुंगा'तून पांढरा चीक निघतो तो बहुधा खरा निवडुंग नव्हे. कुंपणाचा शेर आणि त्रिधारी त्याच घराण्यातले. त्यांचा चीक डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते. मुलांना हे पेरणीच्या आधी सांगा.

शिक्षक म्हणून आम्हाला या कपातली एक गोष्ट वर्गातही दिसते. एखादे मूल मागे पडले की आपण चटकन त्याच्या बुद्धीला, नाहीतर त्याच्या आईच्या हाताला दोष देतो. मग शिकवण्या वाढवतो, पाठांतर वाढवतो, रागावणे वाढवतो. म्हणजे गुदमरलेल्या मुळाला आणखी पाणी आणि आणखी खत. त्या मुलाला घरात अभ्यासाला शांत कोपरा आहे का, झोप पुरते का, फळ्यावरचे दिसते का, चूक केली तर बोलायची मोकळीक आहे का, हे कोणी पाहत नाही. आणि सगळ्यांना एकच मिश्रण मानवत नाही. एकाच आईची दोन मुले, एकाला थोडी ओल जास्त लागते, दुसऱ्याला हवा.

म्हणून घरात कोणी "माझ्या हाताला झाड लागत नाही" म्हणाले, तर तिला पहिल्यांदा मूठभर मिश्रण दाबून दाखवायला सांगा. कपावर पेरणीची तारीख लिहून ठेवा, म्हणजे मुलांना रोज उकरून पाहायचा मोह होणार नाही. गोल निवडुंग वर्षभरात वाटाण्याएवढा झाला तरी तो उत्तम वाढला असे समजा. रोपे जास्त झाली तर शेजारी द्या, आणि रोपाबरोबर मिश्रणाची एक पिशवी आणि प्रमाण लिहिलेली चिठ्ठीही द्या. नुसते रोप दिले तर ते त्यांच्या अंगणातल्या काळ्या मातीतच जाईल.